टॅलीच्या फाइली उघडेनात, पैसे भरू का?

प्रश्न: नमस्कार सर, सांगली मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. सोमवारी सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर टॅलीची एकपण फाइल उघडेना, सगळ्या फाइलींच्या नावापुढं कायतरी विचित्र अक्षरं लागलीत आणि स्क्रीनवर मेसेज की बिटकॉइनमधे पैसे भरा नायतर डेटा विसरा. बॅकअपचा पेनड्राइव्ह कायम कॉम्प्युटरलाच लावलेला असतो, त्यातलंपण सगळं गेलं. कॉम्प्युटरवाला म्हणतोय फॉरमॅट मारू, वडील म्हणतात पैसे देऊन मोकळं व्हा. अँटिव्हायरस होता की हो, तरी असं कसं?
– एक अडत दुकानदार, सांगली

उत्तर: दादा, पैसे देऊ नका आणि फॉरमॅटपण मारू देऊ नका. आधी त्या मशीनची नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, दुकानात दुसरे कॉम्प्युटर जोडलेले असतील तर तेपण तोडा, कारण हे रॅन्समवेअर आहे, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, आणि ते नेटवर्कवरनं शेजारच्या मशीनमधे शिरतं. तुमच्या फाइली जागेवरच आहेत पण कुलूपबंद आहेत आणि किल्ली त्या चोरांकडं आहे. पैसे भरले तरी किल्ली मिळंलच याची खात्री कोण देणार?

स्क्रीनवरच्या मेसेजचा मोबाईलवर फोटो काढा, हार्डडिस्क काढून जपून ठेवा आणि नवीन डिस्कवर विंडोज टाकून काम सुरू करा. जुनी डिस्क अशासाठी ठेवायची, की नो मोअर रॅन्सम नावाची एक फुकट साइट आहे, युरोपोल (युरोपची पोलीस संघटना) आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी मिळून २०१६ मधे काढलेली. तिथं एक लॉक झालेली फाइल आणि तो मेसेज टाकला की कोणत्या जातीचा रॅन्समवेअर आहे ते कळतं, आणि काही जातींच्या किल्ल्या तिथं फुकट मिळतात. आज नसली तरी पुढं येऊ शकते. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर करा. हिशोबाचं म्हणाल तर सगळं गेलं असं समजू नका, जीएसटी पोर्टलवरनं भरलेले जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) आणि खरेदीचं जीएसटीआर-२बी डाउनलोड होतं, सीएंकडं जुना बॅकअप असंल तो मागा.

आता शिरलं कुठनं. तुमचा अकाउंटंट घरनं टॅली बघतो का? रिमोट डेस्कटॉप (लांबनं कॉम्प्युटर चालवायची सोय) नेटवर उघडा आणि पासवर्ड दुकानाचं नाव-एक-दोन-तीन, असं बऱ्याच ठिकाणी असतं आणि हे लोक रात्रंदिवस तसलीच मशीन शोधत असतात. दुसरं म्हणजे क्रॅक, म्हणजे चोरीचं फुकटचं विंडोज. ते टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात आणि अपडेट तर कायमचे बंद असतात. मे २०१७ मधे वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरनं जगभर कॉम्प्युटर लॉक केले तेव्हा त्याला अडवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमधेच दिलेला होता, ज्यांनी टाकला नव्हता ते सापडले. विंडोज १० चा सपोर्टपण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेवढं बघून घ्या.

तिसरं ईमेल. बिल.पीडीएफ दिसतं पण खरं नाव बिल.पीडीएफ.ईएक्सई असतं, ईएक्सई म्हणजे कागद नव्हे, चालणारा प्रोग्राम, आणि विंडोज शेवटचा तुकडा लपवतं. फाइल एक्सप्लोररमधे व्ह्यू मधे जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करा, म्हणजे खरं नाव दिसंल.

आणि बॅकअप, माझी हात जोडून विनंती आहे, दोन हार्डडिस्क घ्या, एक आज एक उद्या, बॅकअप झाला की वायर काढायची आणि एक डिस्क घरी न्यायची. जोडून ठेवलेला पेनड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे.

प्रश्न: व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्या नंबरवरनं लग्नपत्रिका आली, दाबली तर अ‍ॅप इन्स्टॉल झालं. आता काय?
– एक वाचक, तासगाव

उत्तर: पत्रिका फोटो नायतर पीडीएफ असते, एपीके, म्हणजे मोबाईलमधे अ‍ॅप टाकायची फाइल, कधीच नसते. हे अ‍ॅप तुमचे एसएमएस वाचतं, म्हणजे ओटीपी त्यांच्याकडं. पाठवणाऱ्याचापण फोन असाच गेला असंल, त्याला फोन करून सांगा. डेटा बंद करा, दुसऱ्या फोनवरनं बँकेला कळवून खातं आणि यूपीआय थांबवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, जेवढा उशीर तेवढे पैसे पुढं सरकत जातात. मग फोटो कॉपी करून फोन फॅक्टरी रिसेट करा आणि पासवर्ड बदला.