गावच्या शाळेच्या कंपाउंड भिंतीवर मोठं चित्र काढायचंय, सामान काय काय घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोकणातलं गाव, जिल्हा परिषदेची शाळा, ४० फूट लांब आणि ६ फूट उंच कंपाउंड भिंत, चिऱ्याची पण बाहेरून गिलावा केलेली. दिवाळीच्या सुट्टीत मंडळाची पोरं तिच्यावर वारली पद्धतीचं शेतीकामाचं चित्र काढणार आहेत आणि दुकानात नेमकं काय मागायचं ते कळत नाही. वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारायचा का हेही विचारलंय.

भिंती रंगवणं हाच माझा धंदा आहे, म्हणून आधीच सांगतो: चित्रकलेच्या दुकानात जाऊच नका. तिथल्या ट्यूबमधले अ‍ॅक्रिलिक रंग कागदाला आणि कॅनव्हासला ठीक, चाळीस फुटी भिंतीला ते परवडतही नाहीत आणि पुरतही नाहीत. तुमचं दुकान म्हणजे गावच्या बाजारातलं हार्डवेअर आणि पेंटचं दुकान. आणि निम्मं सामान चित्राचं नाही, भिंतीचं असणार आहे.

पहिली वस्तू तारेचा ब्रश. दुसरी खरवडायला पत्रा. कंपाउंड भिंतीला पूर्वी चुन्याची सफेदी मारलेली असते, एकावर एक पाच-सहा थरांची. त्या चुन्यावर कितीही महाग रंग लावा, चुना सुटला की रंग त्याच्यासकट पोपडा धरून येतो. ओल्या फडक्याने भिंत जोरात पुसा. फडकं पांढरं झालं तर अजून खरवडायचं बाकी आहे. कोकणात वरून शेवाळही असतंच. ते नुसतं खरवडलं तर पुढच्या पावसाळ्यात रंगातून परत वर येतं. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून लावा, तासभर राहू द्या, मग घासून भरपूर पाण्याने धुवा. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि मुलांना त्या दिवशी लांब ठेवा.

भिंतीवर किंवा गेटवर जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली; त्याआधीच्या रंगात शिसं बरंच असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना सगळ्यात वाईट. ओलं करून खरवडायचं, खाली प्लॅस्टिक अंथरायचं, निघालेले पोपडे पिशवीत भरून टाकायचे.

आता ओल. चिऱ्याची भिंत पावसाळाभर पाणी पिते आणि दिवाळीपर्यंत ती वरून सुकलेली दिसली तरी आतून सुकलेली असेलच असं नाही. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी उघडा. आतून दव धरलेलं असेल तर थांबा. पांढरा खार फुटलेला दिसत असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही. पाण्यात विरघळून तो परत भिंतीत जातो आणि पुन्हा फुटतो. भिंतीचा माथाही बघा. वर कोबा (सिमेंटचा थर) नसेल किंवा त्याला भेगा असतील तर पाणी वरूनच आत उतरतं, आणि मग खाली काहीही लावलं तरी फुगणार. गवंड्याला अर्ध्या दिवसासाठी बोलावून माथा नीट करून घ्या, हे चित्रापेक्षा आधीचं काम. नवा गिलावा केला तर त्यावर निदान चार आठवडे रंग नको.

पुट्टीबद्दल, म्हणजे भिंत गुळगुळीत करायच्या लेपाबद्दल, दुकानदार आग्रह करेल. घेऊ नका. बाहेरचा गिलावा बहुतेक वेळा सँडफेस, म्हणजे खरबरीत असतो, आणि त्याला गुळगुळीत करायच्या नादात पुट्टीचा जाड थर चढवला की पावसात तोच आधी सुटतो. भेगा तेवढ्या पत्र्याच्या टोकाने थोड्या उघडायच्या आणि बाहेरच्या भिंतीसाठीची क्रॅक फिलर पेस्ट भरायची. खरबरीतपणा वारलीला शोभतोच. मूळची भिंतही शेणामातीची, काही आरशासारखी नव्हती.

रंगाचा हिशोब असा. तुमची भिंत २४० चौरस फूट. एक्स्टेरियर प्रायमर (बाहेरच्या भिंतीसाठीचं, रंगाआधी मारायचं अस्तर) खरबरीत भिंतीवर लिटरला साधारण ८० चौरस फूट धरा, म्हणजे ३ लिटर. त्यावर जमिनीचा, म्हणजे चित्रामागच्या पार्श्वभूमीचा, रंग म्हणून एक्स्टेरियर इमल्शनचे (बाहेरच्या भिंतीचा, पाण्यात मिसळणारा रंग) दोन हात. दोन्ही हात मिळून लिटरला ४० ते ५० चौरस फूट धरलं तर ५ ते ६ लिटर. डिस्टेंपर (घरातल्या भिंतींचा स्वस्त रंग) बाहेर चालत नाही, स्वस्त मिळाला तरी नाही. ऑइल पेंटही नको: तो भिंतीतली वाफ अडवतो आणि ओल मागून ढकलते तेव्हा फोड येतात.

जमिनीचा रंग वारलीसाठी गेरूचा लागेल आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनरच्या (रंगछटा देणाऱ्या घट्ट रंगाच्या) बाटल्या ओतून गेरू होत नाही, गुलाबी होतो. मग अजून बाटल्या ओतल्या जातात, आणि स्टेनर प्रमाणाबाहेर गेला की रंग नीट वाळत नाही, पहिल्या सरीत ओघळतो. बाटलीवर कमाल प्रमाण लिहिलेलं असतं, ते पाळायचं. गडद रंग हवा तर दुकानातल्या टिंटिंग मशीनवर (रंग मिसळून देणारं यंत्र) डार्क बेसमध्ये, म्हणजे गडद छटांसाठीच्या मूळ रंगात, बनवून घ्या आणि शेड नंबर डब्यावर लिहून ठेवा. गेरूची एक चांगली गोष्ट म्हणजे तो लोखंडाच्या ऑक्साइडचा रंग, उन्हात टिकणारा. पिवळी माती, काळा आणि पांढरा हेही टिकतात. भडक गुलाबी, लिंबू पिवळा, झगझगीत फ्लोरोसंट हे रंग दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर लवकर उडतात. पोरांना तेच आवडतात, पण नाही म्हणा.

वारली म्हटलं की गेरू आणि पांढरा, एवढ्यातच काम भागतं, म्हणून मंडळाने हा विषय चांगला निवडलाय. पांढरा १ लिटर पुरे, अर्धा उरेल. डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या घरात बायका हे चित्र तांदळाच्या पिठाने काढत, बांबूची काडी दातांनी चावून तिचा ब्रश करत. तो रंग घरातल्या भिंतीसाठी होता, पावसासाठी नव्हे, त्यामुळे पिठाचा मोह तुम्ही टाळा. मात्र काडी जरूर करून बघा. इमल्शनमध्ये बुडवून तिने जशी रेघ येते तशी नायलॉनच्या ब्रशने येत नाही. लग्नात काढतात तो देवीचा चौक मात्र रस्त्यावरच्या भिंतीवर घेऊ नका. तो पूजेचा आहे. लावणी, कापणी, तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) नाच, ताडावर चढणारा माणूस, एवढं शेतीकामाच्या चित्राला भरपूर झालं.

ब्रश महागाचे नकोत, कारण खरबरीत गिलावा ब्रश खाऊन टाकतो. ४ इंची दोन, २ इंची दोन, १ इंची चार, आणि बारीक रेघांसाठी ४ ते ८ नंबरचे गोल ब्रश डझनभर, सिंथेटिक केसांचे. ९ इंची रोलर एक, लांब लवेचा. आखूड लवेचा रोलर खड्ड्यांत रंग पोचवत नाही. दांडा विकत घ्यायची गरज नाही, बांबू बसतो. ठिपक्यांसाठी एक युक्ती: मेंदीच्या कोनात पातळ न केलेला पांढरा रंग भरा. मुलीबाळींचा हात त्यावर आधीच बसलेला असतो आणि ठिपके एकसारखे येतात. एकच आकार पुन्हापुन्हा हवा असेल, समजा किनारीची नक्षी, तर जुनी एक्सरे फिल्म गरम पाण्यात भिजवून काळा थर खरवडा आणि तिचाच स्टेन्सिल कापा. त्यावर ब्रश न ओढता स्पंजने टिपायचं.

रंग कालवायला श्रीखंडाचे रिकामे डबे उत्तम, झाकण असल्यामुळे दुपारी रंगावर साय धरत नाही. प्रत्येक झाकणावर त्याच रंगाचं बोट ओढून ठेवा. रंग एकदाच पुरेसा बनवा, कारण दुसऱ्यांदा तोच रंग जुळत नाही, आणि वाळल्यावर तो थोडा गडद होतो हे लक्षात घेऊन ठरवा. जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून गाळून घेतला तर कोन आणि बारीक ब्रश अडत नाहीत.

आखणीचं सामान लोक विसरतात. साधा खडू, गवंड्याचा ओळंबा, पातळी बघायला पाण्याची पारदर्शक नळी आणि दोरी. खडूच्या भुकटीत माखलेली दोरी दोन टोकांना ताणून मध्ये उचलून सोडली की सरळ रेघ उमटते. तशाच एक-एक फुटाच्या चौकटी पाडा आणि कागदावरच्या चित्रावरही त्याच प्रमाणात चौकटी आखा. सिनेमाचे बॅनर रंगवणारे अख्खा नायक असाच मोठा करायचे. प्रोजेक्टरचा विचार सोडा, तो अंधार, वीज आणि समोर मोकळी जागा मागतो. परमनंट मार्करने आखू नका: त्याची शाई वरच्या रंगातून परत वर येते, दोन हात मारले तरी. गोल काढायला खिळा आणि दोरा पुरे. मुळात वारलीतली माणसं दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून होतात, तेव्हा आखणी फक्त मोठ्या रेषांची करा. माणसं हातानेच येऊ द्या, सगळी एकाच मापाची झाली तर चित्र मेल्यासारखं दिसतं.

खालचा एक फूट चित्रासाठी धरूच नका. पावसाचे थेंब जमिनीवर आपटून चिखल तिथपर्यंत उडवतात आणि जमिनीतली ओल तिथेच वर चढते. शाळेच्या भिंतींना खाली गडद पट्टा असतो तो उगाच नाही. तो पट्टा वेगळा मारा, दरवर्षी फक्त तेवढाच परत मारता येतो.

सहा फुटांच्या भिंतीला परांची लागणार नाही. लाकडी बाक किंवा घोडी चालेल, पण चिऱ्याच्या जमिनीत पाय डुगडुगतात, म्हणून एक जण धरायला हवाच. वेळ ठरवताना ऊन बघा: भिंतीचं तोंड पूर्वेला असेल तर दुपारनंतर, पश्चिमेला असेल तर सकाळी. तापलेल्या भिंतीवर इमल्शन ब्रशच्या खालीच वाळतं आणि रेघ तुटते.

वरून क्लिअर कोट मारायचा का, असंही तुम्ही विचारलंय. चांगल्या इमल्शनला गरज नाही, आणि ओलसर भिंतीवर तो पांढुरका पडतो. त्या पैशात अर्धा लिटर गेरू जास्त घ्या आणि घट्ट बंद करून शाळेत ठेवा, डागडुजीला लागेल. ब्रश धुतलेलं पाणी विहिरीकडे किंवा ओढ्यात सोडू नका. बादलीत रात्रभर ठेवलं की बराचसा रंग तळाला बसतो, तो वाळवून कचऱ्यात टाकता येतो.

भिंतीचा फोटो टाकलात, विशेषतः खालच्या दोन फुटांचा आणि माथ्याचा, तर प्रायमर एक हात पुरेल की दोन ते बघून सांगतो.