'स्त्रीपार्टी' नट आणि क्रियापदाचे लिंग

एका वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. संगीत रंगभूमीवर अनेक वर्षे काम केलेल्या एका ज्येष्ठ गायकनटाच्या तोंडून रंगपटातल्या, म्हणजे नटांच्या सजण्याच्या खोलीतल्या, आठवणी त्यांनी ऐकल्या. त्यात बालगंधर्वांचा आणि त्यांच्या आधीच्या पिढीतल्या नटांचा उल्लेख 'स्त्रीपार्टी' असा वारंवार आला. ही 'पार्टी' कोणती, हा त्यांचा पहिला प्रश्न आहे. दुसरा असा की, त्याच बोलण्यात एकदा 'नारायणराव (म्हणजे बालगंधर्वच) शालू नेसले' असे आले आणि लगेच 'भाऊरावांनी शकुंतला केली' असेही आले, तेव्हा एकीकडे पुल्लिंगी आणि दुसरीकडे स्त्रीलिंगी क्रियापद कसे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. मेजवानीची किंवा राजकारणातली पार्टी आणि ही पार्टी यांचा संबंध नाही. नाटक मंडळ्यांच्या बोलीत भूमिकेला 'पार्ट' म्हणत, आणि हा शब्द मराठीत पुल्लिंगी रुळला: राजाचा पार्ट, विदूषकाचा पार्ट. त्याला 'स्त्री' जोडून शेवटी 'ई' लावली, आणि ज्याचा पार्ट स्त्रीचा तो स्त्रीपार्टी झाला. दुमजली, चौपदरी, एकवचनी हे शब्द याच रीतीने बनतात, आणि सर्वांत जवळचा सोबती म्हणजे 'बहुरूपी', कारण तोही विशेषण असून सोंगे आणणाऱ्या माणसाचे नाव झाला. म्हणून 'स्त्रीपार्टी नट' हेही बरोबर आणि 'ते स्त्रीपार्टी होते' हेही बरोबर. अनेकवचनात शब्द बदलत नाही. 'मंडळीत दोन स्त्रीपार्टी होते' असेच म्हणावे, 'दोन स्त्रीपार्ट्या' म्हटले तर दोन महिला मंडळांनी दिलेल्या मेजवान्या डोळ्यांपुढे येतील. लिहिताना शब्द जोडून लिहावा.

त्या काळी अशा नटाला 'नटी' का म्हणत नसत, असे कोणी विचारील. संस्कृत नाटकांच्या वळणाने अनेक संगीत नाटकांच्या प्रारंभी सूत्रधाराबरोबर नटी येत असे, म्हणजे नटी हे नाटकातले एक पात्र होते आणि तेही पुरुषच रंगवीत. 'स्त्रीपार्टी' या शब्दाने मात्र मंडळीतली नेमणूक कळत असे. नेमणूक बदलली तरी शब्द मागे राही. विष्णुपंत पागनीस यांनी 1936 च्या 'संत तुकाराम' चित्रपटात तुकाराम साकारले, पण ते पूर्वी स्त्रीपार्टी होते हे जुनी मंडळी आवर्जून सांगत.

दुसरा प्रश्न अधिक रसाळ आहे, आणि त्याचे उत्तर नाटकापेक्षा व्याकरणात आहे. नाटकवाल्यांच्या बोलीत भूमिका 'वठवली' किंवा 'साकारली' असे फारसे येत नाही. ते थेट पात्रच 'करतात': सुभद्रा करणे, धैर्यधर करणे, सिंधू करणे. पात्र हे कर्म ठरले की मराठीचा नेहमीचा नियम लागू होतो. 'भाऊराव शकुंतला करत' हा कर्तरी प्रयोग, तेथे क्रियापद भाऊरावांकडे पाहते. 'भाऊरावांनी शकुंतला केली' हा कर्मणी प्रयोग, तेथे ते शकुंतलेकडे पाहते. भाऊराव कोल्हटकर दोन्ही वाक्यांत तेच आहेत. उलट बाजूनेही हे तपासता येते: एखाद्या गायिकेने 'सौभद्र' नाटकातला कृष्ण रंगवला, तर आपण 'त्यांनी कृष्ण केला' असेच म्हणू.

'शालू नेसले' यात खटकण्यासारखे काहीच नाही. 'नेसणे' हे क्रियापद धोतरालाही चालते आणि लुगड्यालाही, आणि कर्ता नारायणराव असल्यामुळे रूप आदरार्थी पुल्लिंगी. गंगावन लावले, बांगड्या भरल्या, तरी रंगपटात बसलेला माणूस नारायणरावच असतो.

मला या आठवणींत खरी गंमत वाटते ती पुढची. चांगला सांगणारा असेल, तर एकाच वाक्यात लिंग बदलते आणि ते नेमके विंगेत बदलते. 'संगीत मानापमान' नाटकाच्या पहिल्या प्रयोगाची हकीकत घ्या. तो 12 मार्च 1911 चा दिवस, आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली होती, तरी त्यांनी प्रयोग होऊ दिला. ही हकीकत सांगताना जुना माणूस सहज म्हणून जातो की, नारायणराव तोंड रंगवून विंगेत आले, उभे राहिले आणि भामिनी आत गेली. 'आले', 'राहिले' यांचे कर्ते एक, 'गेली' हिची कर्ती दुसरी, नाटकातली नायिका भामिनी. व्याकरणात चूक नाही, आणि घरी काय घडले आहे हे ठाऊक असलेल्या ऐकणाऱ्याला त्या एका 'गेली'मध्ये बरेच काही कळते. हेच वाक्य आजच्या वळणाने 'बालगंधर्वांनी भामिनीच्या भूमिकेत प्रवेश केला' असे लिहिले, तर माहिती तेवढीच मिळते, पण तो उंबरठा दिसत नाही.

षष्ठीतही हाच नियम चालतो. 'एकच प्याला'विषयी बोलताना 'नारायणरावांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर' असे म्हणतात, कारण 'ची' आणि 'चा' पात्रांना जुळतात. 1921 साली दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या संयुक्त मानापमानात बालगंधर्वांची भामिनी होती आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. याच केशवरावांनी लहानपणी 'शारदा' नाटकातली शारदा करून नाव मिळवले होते, त्यामुळे 'केशवरावांची शारदा' आणि 'केशवरावांचा धैर्यधर' हे दोन्ही शब्दप्रयोग जुन्या लेखनात आढळले तर गोंधळू नये.

पुढे हिराबाई बडोदेकर, ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या गायिका रंगभूमीवर आल्या आणि संगीत नाटकांत स्त्रीपार्टी नटाची गरज उरली नाही. सुभद्रा करणाऱ्या स्त्रीला कोणी स्त्रीपार्टी म्हणत नाही, कारण पुरुषाने स्त्रीचा पार्ट करणे हे त्या शब्दात गृहीतच आहे. शब्द मात्र संपलेला नाही. कोकणातल्या दशावतारात स्त्रियांची कामे पुरुष करतात, त्यांना आजही स्त्रीपार्टी म्हणतात, आणि त्यांच्यासमोर राजाचे काम करणारा नट राजपार्टी असतो.