लॉयर, ॲडव्होकेट, बॅरिस्टर... सगळे वकीलच ना?

प्रश्न: मुलीचं एलएलबी यंदा झालं आणि लगेच लग्नही ठरलं. पत्रिकेत नावाआधी ॲड. छापा असं सगळे म्हणतायत, मोठ्या नणंदबाई तर हट्टालाच पेटल्यात, पण मुलगी म्हणते मी अजून ॲडव्होकेट नाहीये, फार तर लॉयर म्हणा. मराठीत दोन्ही वकीलच की! मग फरक काय?
- एक आई, सातारा

उत्तर: ताई, मुलीचं बरोबर आहे. नणंदबाईंना समजवायचं काम मात्र तुमचं, त्यात मी पडत नाही.

लॉयर हा ढोबळ शब्द. कायदा शिकलेला, त्याच क्षेत्रातला कुणीही लॉयर, मग तो कोर्टाची पायरी न चढता एखाद्या कंपनीत बसून नुसते करारनामे तपासत असला तरी चालतं. ॲडव्होकेटचं तसं नाही, १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे राज्याच्या बार कौन्सिलच्या यादीत नाव चढलं तरच ॲडव्होकेट, म्हणूनच कोर्टात नवीन पोरांना सगळे एकच विचारतात, "सनद आली का?" डिग्री युनिव्हर्सिटी देते, सनद बार कौन्सिल देतं, आणि मुलीचं अडलंय ते या दुसऱ्या कागदावर. (नंतर ऑल इंडिया बार एक्झाम असते ती वेगळीच.)

टिळकांचंच बघा ना, १८७९ साली एलएलबी झाले पण काळा कोट चढवून वकिलीचा धंदा काही मांडला नाही, १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढलं. पुढे १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात हायकोर्टात स्वतःची बाजू स्वतःच मांडली, पण ती आरोपी म्हणून, त्याला सनद लागत नाही.

बॅरिस्टर हे मूळचं इंग्लंडचं प्रकरण. लंडनमध्ये इन नावाच्या चार जुन्या संस्था आहेत, त्यातल्या एकीने बारवर घेतलं, म्हणजे कोर्टात वकिली करायची मान्यता दिली, की माणूस बॅरिस्टर. गांधीजी १८९१ साली इनर टेंपलमधून झाले, बाबासाहेब ग्रेज इनमधून. सावरकरही ग्रेज इनचेच, परीक्षा पास होऊनसुद्धा राजकारणामुळे इनने त्यांना बारवर घेतलं नाही, म्हणजे तिथेही नुसतं पास होऊन भागत नव्हतं. आणि आपला वकील शब्द तर याहून ऐसपैस, पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्याच्या दरबारात ठेवलेला आपला माणूस, दिल्लीला हिंगणे होते तसा.

तर पत्रिकेत एलएलबी छापा. ॲड. ची पाटी दारावर लागेलच.

प्रश्न: मुलगा अमेरिकेत असतो, इथला फ्लॅट विकायला त्याने मला पॉवर ऑफ ॲटर्नी पाठवलीय. अमेरिकेत ॲटर्नी म्हणजे वकील ना? मी तर रिटायर्ड पोस्टमास्तर!
- एक वाचक, डोंबिवली

उत्तर: काका, घाबरू नका, काळा कोट शिवायला टाकू नका. ॲटर्नीचा मूळ अर्थ दुसऱ्याच्या वतीने काम करायला नेमलेला माणूस. अमेरिकेत वकिलाला सर्रास ॲटर्नी म्हणतात हे खरं, पण तुमच्या कागदावरचा ॲटर्नी म्हणजे मुखत्यार, आणि तो कागद म्हणजे मुखत्यारपत्र. त्याच्या जोरावर तुम्ही मुलाच्या वतीने सही करू शकता, त्याच्यासाठी कोर्टात उभं राहून युक्तिवाद करायचा तर वकीलच लागेल आणि त्याला वेगळं वकीलपत्र द्यावं लागेल.

प्रश्न: डिस्चार्ज आणि ॲक्विट यात काय फरक? पेपरात दोन्हीकडे 'सुटका' असंच लिहितात.
- एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर: लिहितात खरं, आणि मलाही ते खटकतं. कागदपत्रं बघूनच कोर्टाला वाटलं की खटला चालवण्याइतकंही यात काही नाही तर आरोप ठेवायच्या आधीच डिस्चार्ज, मराठीत दोषमुक्त. खटला पूर्ण चालला, साक्षीपुरावे झाले आणि गुन्हा शाबीत झाला नाही तर ॲक्विट, म्हणजे निर्दोष मुक्तता. आणि जामिनावर सुटला तो यातला कुठलाच नाही, तो फक्त घरी आलाय, केस चालूच आहे. बातमीत नुसतं 'सुटका' दिसलं की पुढच्या दोन ओळी वाचायच्या, जामीन शब्द बहुतेक वेळा तिथेच लपलेला असतो.