रिपोर्ट चांगले आले, मग मन का लागत नाही?

"रिपोर्ट चांगले आले त्या दिवशी घरात सगळे रडले. मी एकटीच कोरडी होते."

माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या तेव्हा पहिल्या भेटीत बसल्याबसल्या त्या हे बोलल्या आणि लगेच माझ्याकडे पाहिलं. मी रागावेन असं त्यांना वाटलं असावं. वय 51. त्यातली 26 वर्षं शिवणकामात गेलेली. त्यांना लिम्फोमा झाला होता, म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग. दर 21 दिवसांनी एक अशा केमोच्या सहा फेऱ्या झाल्या, केस गेले, परत आले. आजाराचा मागमूस उरलेला नाही असं डॉक्टरांनी सांगून चार महिने झाले होते. (त्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. हा अनुभव लिहायची परवानगी त्यांनी स्वतः दिली आहे.)

"मॅडम, जो येतो तो म्हणतो, एवढ्यातून वाचलात, म्हणजे काहीतरी कारण असणारच. मला ते कारण सापडत नाही. सकाळी डोळे उघडतात आणि वाटतं, उठून करायचं काय?"

हाच प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेला माणूस विचारतो, पक्षाघातानंतर पुन्हा चालायला लागलेली बाई विचारते, मूत्रपिंड बदललेला तरुण विचारतो. त्यात बहुतेक वेळा अपराधीपणा मिसळलेला असतो. घरच्यांनी जिवाचं रान केलं, डॉक्टरांनी प्रयत्नांची शर्थ केली, आणि आपल्याला साधा आनंदसुद्धा होऊ नये, हा कृतघ्नपणाच की काय, असं वाटत राहतं.

कृतघ्नपणाचा इथे संबंध नाही. उपचार चालू असताना दिवसाला आकार असतो. पुढची तारीख ठरलेली असते, गोळ्यांच्या वेळा असतात, रक्ताची तपासणी असते, सोबतीला कोणीतरी असतं. घाबरायलाही फुरसत नसते. उपचार संपतात तेव्हा हा सगळा आधार एका दिवसात निघून जातो, आणि इतके महिने मागे ढकललेली भीती, दुःख, थकवा एकदमच दारात येऊन उभे राहतात. त्याच दिवशी घरचे म्हणतात, सुटलो एकदाचे.

दुसऱ्या भेटीत माझ्याकडून एक चूक झाली, तीही सांगते. मी त्यांना कोरा कागद दिला आणि म्हटलं, "यापुढच्या आयुष्यात तुम्हाला काय काय करायचंय, ते घरी निवांत लिहून आणा." पुढच्या वेळी त्या तोच कागद तसाच घडी घालून घेऊन आल्या. एक अक्षर नव्हतं. "तीन दिवस घेऊन बसले होते. काही सुचलंच नाही. माझंच काहीतरी चुकतंय बहुतेक," असं म्हणून त्यांनी माझी माफी मागितली. माफी मी मागायला हवी होती. आधीच मनाने रिकाम्या झालेल्या माणसाला मी आणखी एका परीक्षेला बसवलं होतं. जगण्याचा हेतू विचार करून, कागदावर मुद्दे मांडून सापडतो अशी आपली समजूत असते. अशा काळात मला तो तसा सापडताना दिसलेला नाही.

मग आम्ही मागे आलो. आधी शरीर. त्यांचा थकवा झोपून जात नव्हता. कर्करोगाच्या उपचारांनंतर असा थकवा कित्येक महिने, काहींना त्याहूनही जास्त काळ राहू शकतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. त्या स्वतःला आळशी म्हणत होत्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ब जीवनसत्त्व 12 यांची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या, असं मी सुचवलं. कारण रक्त कमी असेल तर त्यावर माझ्या बोलण्याचा उपयोग नाही. नैराश्याच्या चाचपणीसाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात, मागच्या दोन आठवड्यांत काय वाटलं ते विचारणारी, तीही भरून घेतली. त्यातला शेवटचा प्रश्न मी नेहमी तोंडीसुद्धा विचारते, आडवळण न घेता: मरून जावं, स्वतःला काही करून घ्यावं, असं मनात येतं का? विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो, ही भीती खरी नाही. उलट माणूस मोकळा होतो. त्या म्हणाल्या, "मरावंसं नाही वाटत. पण जगायची ओढही नाही." मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी तपासून सांगितलं की औषधाची गरज सध्या नाही, पण लक्ष ठेवू. इथे मला ठासून सांगायचंय: दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, रस सगळंच गेलं असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर 'हेतू शोधू' म्हणत थांबू नका, आधी डॉक्टर गाठा. मोठ्या आजारानंतरचं नैराश्य हाही आजारच आहे आणि त्यावर उपचार आहेत.

चौथ्या भेटीत खरी गोष्ट बाहेर आली. बोलताना त्या सारख्या बोटांची टोकं अंगठ्यावर घासत होत्या. मी विचारलं, तेव्हा हात पुढे करून म्हणाल्या, "यांना काही कळतच नाही." त्यांच्या केमोत व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध होतं. त्याने हातापायांच्या टोकांच्या नसांना इजा होते आणि बोटं बधिर होतात. बऱ्याच जणांत हे महिन्यांनी हळूहळू कमी होतं, काहींत थोडं उरतं. त्यांनी एकदा गुपचूप सुईत दोरा ओवून पाहिला होता. दोरा ओवला गेला, पण टाके घालताना सुई बोटात कधी शिरली ते कळलं नाही. कापडावर रक्ताचा डाग दिसला तेव्हा समजलं. कापड तसंच गुंडाळून ठेवलं आणि कोणाला सांगितलं नाही.

"सव्वीस वर्षं मॅडम. डोळे मिटून कापडाचा पोत सांगायचे मी."

त्या दिवशी आम्ही हेतूबद्दल एक शब्द बोललो नाही. त्या रडल्या, बराच वेळ. चांगल्या रिपोर्टच्या दिवशी जे आलं नव्हतं ते त्या दिवशी आलं. आजार बरा झाला तरी त्याने काहीतरी कायमचं नेलेलं असतं, आणि त्याचं सुतक कोणी पाळू देत नाही. "जीव वाचला ना, बोटांचं काय घेऊन बसलीस?" असं त्यांची थोरली बहीण म्हणाली होती. प्रेमानेच म्हणाली होती. पण ज्या दुःखाला घरात बसायला जागा मिळत नाही ते जात नाही, नुसतं दडून राहतं.

पुढच्या भेटीला मी त्यांच्या यजमानांना, मुलाला आणि सुनेला बोलावलं. भली माणसं. आईला काडी उचलू द्यायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. शिवणयंत्र झाकून आतल्या खोलीत ठेवलं होतं, "डोळ्यांसमोर नको, वाईट वाटेल" म्हणून. पैशांचे व्यवहार मुलाने हातात घेतले होते. नातीचं सगळं सून करत होती. सुनेने कुठेतरी वाचलं होतं की अशा आजारातून गेलेली माणसं आधीपेक्षा खंबीर होतात, आणि ती वाट पाहत होती की आईंमध्ये ते कधी दिसेल.

तिने वाचलं ते खोटं नाही. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी 1990च्या दशकात आघातानंतर होणाऱ्या वाढीचा अभ्यास मांडला आणि ती मोजायला 21 विधानांची मापनश्रेणी 1996 मध्ये प्रसिद्ध केली. नात्यांत जवळीक येणं, स्वतःच्या बळाची जाणीव होणं, नव्या वाटा दिसणं, असे काही बदल त्यात धरले आहेत. पण ही वाढ आणि वेदना एकत्र नांदतात, आणि ती प्रत्येकात होतेच असं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. घरोघरी पोचताना एवढाच भाग गळून पडतो आणि उरते ती अपेक्षा. मी सुनेला एवढंच म्हटलं की आईंना खंबीर दिसायच्या कामातून सुट्टी द्या.

मग मुलाला विचारलं, "आज आई दोन दिवस घरात नसल्या तर घरात काय अडेल?" तो विचार करत राहिला. उत्तर द्यायला त्याला जड गेलं, कारण काहीच अडणार नव्हतं. काळजीपोटी त्यांनी आईच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं होतं, आणि सकाळी उठायचं कारणही त्या कामांबरोबरच गेलं होतं. माझ्या अनुभवात मोठ्या आजारानंतरच्या पोकळीत हा भाग फार मोठा असतो आणि त्याच्याकडे फार कमी लक्ष जातं. आपल्यावाचून कोणाचं तरी अडतंय, ही जाणीव माणसाला धरून ठेवते.

ठरलं एवढंच की एक काम आईंना परत द्यायचं. कोणतं, ते त्यांनी निवडायचं. आणि एकदा दिलं की मागून जाऊन कोणी ते 'नीट' करायचं नाही. त्यांनी निवडलं सहा वर्षांच्या नातीला सकाळी शाळेसाठी तयार करणं. सोबत मी एक वही दिली. कोणत्या वेळी अंगात किती बळ असतं आणि कशाने ते संपतं, एवढंच टिपायचं. बरं वाटलं की त्या एका दिवसात चार दिवसांचं काम उपसत आणि मग दोन दिवस आडव्या पडत. थोडं बळ शिल्लक असतानाच थांबायचं, हे शिकायला त्यांना महिना लागला. रोज थोडं चालणंही सुरू केलं. या थकव्याला पडून राहण्यापेक्षा बेताची हालचाल जास्त उपयोगी पडते.

पहिल्याच सकाळी गणवेशाच्या शर्टाची बटणं लागेनात. बधिर बोटांना बटण सापडत नव्हतं. नात म्हणाली, "आजी, थांब, मी लावते," आणि तिने लावली. हे सांगताना त्यांना हसू आलं. मी ते पहिल्यांदाच पाहत होते.

त्या रात्री त्यांनी स्वतःच्या गाउनची बटणं काढून टाकली आणि तिथे वेल्क्रोच्या पट्ट्या लावल्या. यंत्र मुलाने बाहेर आणून दिलं. यंत्रावर बोटांचं काम कमी, आणि टोचतंय की नाही ते डोळ्यांनी पाहायचं. हातशिलाई करायची तर डाव्या बोटातही अंगुस्तान. नंतर त्यांना केमोचे दिवस आठवले. दंडात बसवलेली नळी, प्रत्येक वेळी बाही वर सारायची धडपड, थंड खोलीत अर्धं अंग उघडं टाकून तास न् तास बसणं. एका भेटीला त्या एक शर्ट घेऊन आल्या. एका बाहीची शिवण खांद्यापासून मनगटापर्यंत उसवून तिथे वेल्क्रो लावलं होतं. "खरखरीत पट्टी बाहेर तोंड करून लावायची, मऊ पट्टी कातडीच्या बाजूला. नाहीतर नळीजवळ घासतं," त्या मला समजावत होत्या. तोच हात, तीच बोटं, आणि आवाज मात्र कारागिराचा.

यात माझं श्रेय नाही. इतर रुग्णांना जाऊन धीर द्या, असं त्यांना अनेकांनी सुचवलं होतं. एकदा त्या गेल्याही होत्या, आणि दोन रात्री झोप लागली नव्हती. तेव्हा मी म्हटलं होतं की नका जाऊ, वाचलेल्या प्रत्येकाने दुसऱ्यांचा आधारस्तंभ व्हावं असा नियम नाही. बोलून धीर देणं त्यांचं नव्हतं. बाही उसवून देणं त्यांचं होतं.

आताही सगळं सुरळीत आहे असं नाही. उजव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत. पूर्वी त्या दिवसात जेवढं शिवत त्याच्या पाव भागही होत नाही. तपासणीची तारीख जवळ आली की आठवडाभर छातीत धडधडतं, मानेत गाठ चाचपली जाते. काही सकाळी तो जुना प्रश्न परत येतो. तेव्हा काय करता, असं मी विचारलं. "नातीचा डबा भरते आणि मग बघू म्हणते," त्या म्हणाल्या.

मागच्या भेटीत पुढची वेळ ठरवताना त्यांनी पिशवीतून वही काढली. बळाची नोंद करायला दिलेली तीच वही, मागच्या पानांवर आता मापं लिहिलेली. पुढच्या गुरुवारी त्यांचं स्कॅन होतं. मी विचारलं, त्या आठवड्यात भेटायचं का, की जड जाईल? त्या वहीत बघत म्हणाल्या, "एका ताईंची केमो सोमवारपासून आहे, त्यांना दोन शर्ट शुक्रवारी द्यायचं कबूल केलंय. गुरुवारी काही सुचायचं नाही. तेव्हा बुधवारीच टीप मारून ठेवते. तुमच्याकडे मंगळवारी येऊ का?"