वाचकांचे प्रश्न : चिनी माणसाला इंग्रजी शब्द सापडतो कसा?

प्रश्न (एक वाचक, पुणे) : शांघायमधल्या सहकाऱ्यांशी माझं रोज इंग्रजीत बोलणं होतं. त्यांचं इंग्रजी अस्खलित आहे. तरीही ते आधी चिनीत शब्द शोधून मग त्याचं भाषांतर करत असतील का?

उत्तर : शब्दागणिक भाषांतर ते नक्कीच करत नाहीत. मानसशास्त्रज्ञ मेरी पॉटर आणि सहकाऱ्यांनी 1984 साली चिनी-इंग्रजी द्विभाषिकांकडून दोन कामं करून घेतली : चित्र पाहून इंग्रजीत नाव सांगणं आणि चिनी शब्दाचं इंग्रजी करणं. इंग्रजी शब्द चिनी शब्दामार्फतच मिळत असता, तर चित्राला जास्त वेळ लागायला हवा होता, कारण आधी चिनी शब्द शोधावा लागला असता. दोन्हींना जवळपास सारखाच लागला. म्हणजे अर्थापासून इंग्रजी शब्दापर्यंत थेट वाट असते.

पण म्हणून चिनी गप्प बसते असंही नाही. वेल्समधल्या बँगर विद्यापीठात थिएरी आणि वू या संशोधकांनी 2007 साली केलेला प्रयोग मला या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. पडद्यावर फक्त इंग्रजी शब्दांच्या जोड्या; दोघांच्या अर्थात नातं आहे की नाही, एवढंच सांगायचं. त्यात ‘ट्रेन’ आणि ‘हॅम’ अशाही जोड्या होत्या. अर्थाचं नातं काहीच नाही, पण चिनीत आगगाडी म्हणजे ‘हुओछ’ आणि हॅम म्हणजे ‘हुओथुई’. पहिलं अक्षर एकच. उत्तरांच्या वेगावर याचा परिणाम दिसला नाही, भाग घेणाऱ्यांना या लपलेल्या साम्याचा पत्ताही नव्हता. डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडवर मात्र, शब्द दिसल्यानंतर सुमारे 400 मिलिसेकंदांच्या आसपास येणाऱ्या मेंदूच्या लहरीत फरक उमटला. ज्यांना चिनी येतच नाही त्यांच्यात तो नव्हता.

2010 साली त्याच दोघांनी पुढची गाठ सोडवली. जागं होतं ते अक्षराचं रूप की उच्चार? ‘जिंग्येन’ (अनुभव) आणि ‘जिंग्या’ (आश्चर्य) यांची सुरुवात सारखी ऐकू येते, पण अक्षरं वेगळी. ‘ख्वाइजी’ (हिशेबनीस) आणि ‘ह्वेईयी’ (परिषद) यांचं पहिलं अक्षर एकच, उच्चार वेगळे. परिणाम उच्चारसाम्याचा दिसला, अक्षराचा नाही.

यावर वाद आहे. अल्बर्ट कोस्टा आणि सहकाऱ्यांनी 2017 साली म्हटलं, की चिनीतून इंग्रजी शिकताना शब्दांमध्ये जे दुवे तयार झाले तेच इथे दिसत असतील. त्या क्षणी चिनी जागी होतेच असं नाही. आक्षेप गंभीर आहे, त्यामुळे ‘डोक्यात सतत दोन्ही भाषा चालू असतात’ हे विधान जपून करावं.

प्रश्न (एक वाचक, ठाणे) : उत्तम इंग्रजी बोलणारे चिनी लोक बाईला ‘ही’ (he) आणि पुरुषाला ‘शी’ (she) का म्हणतात? मोठ्या आकड्यांनाही अडखळतात.

उत्तर : बोलण्यातल्या चिनीत ‘तो’ आणि ‘ती’ दोन्ही ‘था’. लिहिताना चिन्हं वेगळी, उच्चार एक. त्यामुळे वाक्य जुळवताना लिंग ठरवून ठेवण्याची सवयच नसते. ‘ही’ आणि ‘शी’ दोन्ही शब्द हाताशी असतात आणि घाईत चुकीचा बाहेर पडतो. व्यक्ती कोण आहे याचा गोंधळ नसतो, म्हणून संदर्भावरून समजून घ्या, मध्येच दुरुस्त करू नका.

आकड्यांचं दुखणं तर आपलंही आहे. चिनी मोजणी दहा हजारांच्या गटांनी चालते, त्याला ‘वान’ म्हणतात. आपले 12 लाख त्यांचे 120 वान, इंग्रजीत 1.2 मिलियन. पुढचा मोठा टप्पा ‘यी’ म्हणजे आपले 10 कोटी. फोनवर दोन्ही बाजू मनात हिशेब करतात आणि शून्य हरवतं. रक्कम तोंडी ठरली तरी लगेच सगळ्या शून्यांसह अंकांत लिहून पाठवा.

प्रश्न (एक विद्यार्थिनी, नाशिक) : माझ्या वर्गात मँडरिन आणि इंग्रजी दोन्ही बोलणारे काही जण आहेत. साध्या साधनांनी असा प्रयोग करता येईल का?

उत्तर : येईल, पण भाषा बदलण्याचा प्रयोग निवडा, त्याला इलेक्ट्रोड लागत नाहीत. सोपी 20 रेघाचित्रं घ्या. कडा लाल असेल तर चिनीत, निळी असेल तर इंग्रजीत नाव सांगायचं. प्रत्येक चित्रासोबत बारीक ‘बीप’ वाजू द्या आणि सगळं फोनवर रेकॉर्ड करा. नंतर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या लहरी पाहून बीपपासून आवाज सुरू होईपर्यंतचा वेळ मोजा. साध्या चित्राला साधारण 600 ते 1000 मिलिसेकंद लागतात.

घोटाळा बहुतेक तयारीत होतो. आधी सगळी चित्रं दाखवून दोन्ही भाषांतली नावं पक्की करा, नाहीतर तुम्ही ‘हा कप की मग?’ याचा वेळ मोजाल. ‘स’ किंवा ‘ह’ने सुरू होणाऱ्या शब्दांची सुरुवात लहरींत पुसट दिसते, तिथे कानाने खात्री करा. चुकलेली आणि ‘अं’ने सुरू झालेली उत्तरं वगळा. सर्वांत महत्त्वाचं : चिनी शब्दाची तुलना इंग्रजी शब्दाशी करू नका, त्यांची लांबी आणि वापर वेगळा असतो. तोच शब्द भाषा न बदलता आला तेव्हाचा वेळ आणि भाषा बदलून आला तेव्हाचा वेळ, यांतला फरक काढा.

म्यूटर आणि ऑलपोर्ट या संशोधकांना 1999 साली इतर भाषांच्या द्विभाषिकांमध्ये असं दिसलं, की कच्च्या भाषेतून पक्क्या भाषेत परत येणं जास्त महाग पडतं. त्यांच्या मते कच्ची भाषा बोलताना पक्कीला जोरात दाबून धरावं लागतं, आणि तो दाब सुटायला वेळ लागतो. दोन्ही भाषा सारख्याच पक्क्या असणाऱ्यांत हा फरक कमी होऊ शकतो, म्हणून प्रत्येकाकडून इंग्रजी कोणत्या वयात शिकलं आणि रोज किती बोलतो, हे आधीच लिहून घ्या.