मासामुनेची ती तलवार गेली कुठे?

प्रश्न : राम राम दादा. पोरगा मोबाईलवर होन्जो मासामुने नावाच्या जपानी तलवारीचा व्हिडिओ दाखवत होता, म्हणे ती काहीही कापायची अन् आता तिचा पत्ताच नाही. खरं काय? आणि मुरामासा नावाच्या दुसऱ्या कारागिराशी मासामुनेची पैज लागली होती म्हणतात, तेही सांगा. – एक वाचक, पारोळा

उत्तर : राम राम भाऊ. पैजेची गोष्ट निव्वळ दंतकथा. ओढ्यात दोन्ही तलवारी उभ्या केल्या, मुरामासाची प्रत्येक वाहतं पान कापायची अन् मासामुनेच्या धारेला पान शिवायचंच नाही, ऐकायला लई गोड आहे, पण तलवारी घडवणारा मासामुने जपानातल्या कामाकुरा गावचा, १३०० च्या आसपासचा, मुरामासा त्याच्यानंतर दोनेकशे वर्षांनी, गाठ पडणार कशी?

तलवार मात्र खरी. होन्जो शिगेनागा हा उएसुगी केनशिन ह्या जपानी सेनानीचा सरदार, लढाईत शत्रूच्या हातातल्या ह्याच तलवारीने त्याचं शिरस्त्राण चिरलं गेलं तरी तो वाचला अन् तलवार जिंकून घेतली असं सांगतात, म्हणून हे नाव. पुढे ती तोकुगावा घराण्यातल्या शोगुनांकडे, म्हणजे जपानवर सत्ता चालवणाऱ्या सेनापतींकडे, पिढ्यानपिढ्या राहिली, १९३९ मध्ये राष्ट्रीय ठेवा जाहीर झाली.

'काहीही कापते' हे सोडा, घडण बघा. आपल्याकडे लोहार विळ्याला पाणी देतो ना, तिकडेही तेच, फक्त आधी पात्यावर मातीचा लेप देतात, पाठीला जाड अन् धारेला पातळ, मग तापवून पाण्यात बुडवलं की धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ चिवट राहते, झटका सोसते. धारेकडचं पोलाद फुगतं, पात्याचा बाक त्यानेही वाढतो. मासामुनेच्या धारेलगत जे बारीक चमकते कण दिसतात ना, जाणकार त्याच्यावरच जीव टाकतात.

आता हरवली कशी, इथे खरंच जीव तुटतो. १९४५ मध्ये जपान हरला, अमेरिकी फौजेने हत्यारं जमा करायला लावली, तोकुगावांनी ही तलवार बाकीच्यांसोबत टोकियोतल्या मेजिरो पोलीस ठाण्यात दिली. १९४६ च्या जानेवारीत एका अमेरिकी सार्जंटने ती नेल्याची नोंद आहे, पण नाव ऐकून जसं कळलं तसं लिहिलेलं, तशा नावाचा माणूसच सापडत नाही. समुद्रात फेकली, वितळवली असं कोणी ठासून सांगितलं तर ऐकू नका, पुरावा नाही.

मी तरी आशा सोडलेली नाही. त्याच कारागिराची शिमाझु मासामुने कित्येक वर्षं बेपत्ता होती, २०१४ मध्ये तज्ज्ञांनी ती ओळखली, आता क्योटोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.