गुप्तांगावरच्या चामखिळी: लावायच्या औषधांबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न (भुसावळ, वय 29): लिंगावर बारीक कोंब आले. डॉक्टरांनी इमिक्विमॉड क्रीम दिलं. तीन आठवडे झाले, कोंब तसेच आहेत, उलट जागा लाल होऊन आग होते. मित्र म्हणतो, बिब्बा लाव, गळून पडतील.

उत्तर: भाऊ, बिब्ब्याला हात लावू नका. चुना-सोडा नको, रुईचा चीकही नको. तळपायाची जाड कातडी एक वेळ ते सोसेल, इथली भाजून निघते. मग चामखीळ कुठली आणि जखम कुठली, हे तपासणाऱ्यालाही कळत नाही.

इमिक्विमॉड चामखीळ जाळत नाही. ते त्या जागची प्रतिकारशक्ती जागी करतं आणि विषाणूनं बिघडलेल्या पेशी शरीरच काढून टाकतं. म्हणून वेळ लागतो, आणि थोडी लाली येणारच. 5 टक्के क्रीम एक दिवसाआड, आठवड्यातून तीनच रात्री, पातळ लावून जिरेपर्यंत चोळायचं आणि 6 ते 10 तासांनी साबण-पाण्यानं धुवायचं. लवकर जावं म्हणून तुम्ही रोज तर लावत नाही ना? त्यानं फक्त सालटं निघतात. कातडी सोलवटली असेल तर थांबा, डॉक्टरांना दाखवा आणि बरी झाल्यावर त्यांच्या सल्ल्यानं पुन्हा सुरू करा. हा उपचार 16 आठवड्यांपर्यंत चालू शकतो, तीन आठवड्यांत निराश होऊ नका. क्रीम अंगावर असताना संबंध टाळा, त्यानं निरोध कमकुवत होतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणखी एक जपा. या पुड्या 25 अंशांच्या आत ठेवायच्या असतात. पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत नकोत. फ्रीजच्या दारात ठेवा, गोठवू नका.

प्रश्न (रावेर, पाचवा महिना): मिस्टरांना पोडोफिलोटॉक्सिनचं पातळ औषध दिलंय. मलाही तसेच कोंब आलेत. तेच लावू का?

उत्तर: नाही ताई, अजिबात नाही. पोटातल्या बाळाला त्याचा धोका आहे. मिस्टरांनी ते तीन दिवस दोन वेळा लावायचं, मग चार दिवस विश्रांती, असे जास्तीत जास्त चार फेरे. तुमच्यासाठी ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल आहे, पण ते डॉक्टरांनीच काडीनं नेमकं चामखिळीवर लावायचं असतं. गरोदरपणात चामखिळी भराभर वाढतात आणि बाळंतपणानंतर पुष्कळदा ओसरतात. केवळ त्यांच्यामुळे सिझर करावं लागत नाही. बाळाची वाट अडत असेल किंवा फार रक्त जाण्याची भीती असेल, तरच.

प्रश्न (यावल, वय 41): मूळव्याधीचे कोंब समजून मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणून लावतोय. वाढतच चाललेत.

उत्तर: अशा पुष्कळ ट्यूबांत स्टेरॉइड असतं. त्यानं खाज दबते, पण प्रतिकारशक्तीही दबते आणि चामखीळ फोफावते. ट्यूब आजच बंद करा आणि जागा दाखवा. सिफिलिस या गुप्तरोगाचे चट्टेही असेच दिसू शकतात, तेव्हा त्याची आणि एचआयव्हीची रक्ततपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते, नाव गुप्त राहतं. लाजेपायी महिने घालवलेली माणसं बघून फार वाईट वाटतं.

प्रश्न (अमळनेर, वय 25): क्रीमनं सगळं गेलं. आखाजीनंतर लग्न आहे. तिला सांगू का?

उत्तर: सांगा. औषधानं दिसणारी चामखीळ जाते, विषाणू काही काळ कातडीत राहू शकतो आणि पहिल्या तीन महिन्यांत कोंब परत येण्याचं प्रमाण जास्त असतं. निरोधानं धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही. बहुतेक चामखिळी एचपीव्ही या विषाणूच्या 6 आणि 11 या प्रकारांमुळे येतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे मुख्यतः 16 आणि 18 असतात. हे नीट समजावलंत तर तिची निम्मी भीती जाईल. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लस या चारही प्रकारांविरुद्ध आहे. आलेली चामखीळ तिनं जात नाही, पण होणाऱ्या पत्नीचं रक्षण होऊ शकतं. ती लस 9 ते 26 वयासाठी आहे आणि 15 वर्षांपुढे सहा महिन्यांत तीन डोस लागतात, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना आताच भेटा.